खालची चार बोटं

छत्तीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला सुगानुमा तेइजींनी उत्तर दिलं नव्हतं, आणि त्याची आठवण त्यांना नेमकी रागात असतानाच यायची. पत्र काजिहारा फुमिए नावाच्या बाईंचं होतं. 'पाच वाट्या भात' ही टीव्हीवरची मालिका त्यांनी लिहिलेली. तिच्या अकराव्या भागावर तेइजींनी वर्तमानपत्रात, प्रेक्षकांच्या पानावर लिहिलं होतं: 'म्हातारी सासू भांडून घर सोडते आणि घरातलं एक माणूस तिला थांबा म्हणत नाही. लेखिकाबाई सुनेला वाक्य द्यायला विसरल्या, की त्यांना काळीजच नाही?' शाळेचं ग्रंथालय सांभाळणारा, शिक्षकांच्या खोलीत दुसरा कप चहा मागायलाही लाजणारा हा माणूस कागदावर मात्र असा तुटून पडे.

बाईंचं पत्र सात ओळींचं होतं. 'तुमचं लिखाण आमच्या निर्मात्यांनी कचेरीच्या भिंतीवर चिकटवलं आहे. यापुढे पात्रांनी मनातलं सगळं तोंडाने बोलून दाखवावं, असं मला सांगण्यात आलं आहे. म्हणून एवढंच विचारते. तुम्हाला चपला दिसल्या का? दिसूनही तुम्ही तसं लिहिलं असेल, तर मी त्यांचं ऐकेन.'

कुठल्या चपला? तेइजींना आठवेनात. बायकोला विचारलं, तर ती तेव्हा आत भांडी घासत होती. पत्र शब्दकोशाच्या पानांत गेलं ते तिथेच राहिलं.

आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे झाले होते, बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि 'पाच वाट्या भात' पुन्हा लागत होती. दर मंगळवारी दुपारी दोनला. इइदा गावातल्या तोकुएबाईंच्या टीव्हीच्या दुकानात, मागच्या बाजूला, तीन खुर्च्या टाकलेल्या असत. एक तेइजींची, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, एक बाईंची, एक निवृत्त बसचालक इवासेंची. इवासे संत्री आणत आणि सालं बाईंच्या हिशेबाच्या वहीवर ठेवून शिव्या खात.

"डोकं कुठे गेलं?" अकरावा भाग सुरू होताच तेइजी ओरडले. "सासूचं डोकं कुठे गेलं?"

"आहे की," इवासे म्हणाले. "भुवयांपर्यंत आहे."

"चौकोनी चित्र होतं हे! नव्या टीव्हीचा पडदा रुंद, म्हणून वरून छाटलं, खालून छाटलं. हे पुनःप्रसारण आहे की न्हाव्याचं दुकान? कॅमेरावाल्याने दिवसभर उभं राहून एकेक चौकट लावलेली असते. यांनी पुसून टाकली."

"मास्तर, पडदा भरून दिसतंय ते बरं. बाजूला काळ्या पट्ट्या आल्या की मला मयताच्या घरी बसल्यासारखं वाटतं."

"मग डोळे मिटून बसा!"

तोकुएबाई हसल्या आणि वर्तमानपत्र उलगडू लागल्या. "ऐका, तुमच्या काजिहारा बाईंची मुलाखत आली आहे. एकाहत्तर वर्षांच्या झाल्या. अजून झुशीच्या त्याच जुन्या घरात राहतात. म्हणतात, 'माझी माणसं फार बोलतात, अशी लोकांची तक्रार असते. ती सवय मला नंतर लागली.'"

"लागलीच!" तेइजी एकदम तावात आले. "नंतरच्या तिच्या मालिका बघवत नाहीत. पात्र चहा पितं आणि सांगतं, मी चहा पितोय. आई मेली तर मुलगा भिंतीला सांगतो, मला दुःख झालं. जुन्या सिनेमांत माणसं पाठ फिरवून रडायची, आपण पाठ बघून रडायचो. कुणी समजावून सांगत नव्हतं. हिने त्या सगळ्याची वाट लावली. अकरा वेळा लिहिलं मी पेपरात. अकरा वेळा!"

"आणि हिच्या याच मालिकेत कुणी बोललं नाही म्हणूनही लिहिलं होतंत," बाई शांतपणे म्हणाल्या.

पडद्यावर सासूने गाठोडं उचललं. किटलीचं पाणी उकळत होतं, त्याखेरीज आवाज नव्हता. म्हातारी दारापाशी येऊन उभी राहिली, खाली बघत. घोट्यांपासून वरचीच म्हातारी. बराच वेळ ती तशीच उभी राहिली आणि भाग संपला.

"पाहिलंत?" तेइजींचा आवाज चिरका झाला. "एक माणूस थांबा म्हणालं का? तेव्हाही नाही, आताही नाही!"

बाई उठल्या. फळीवरून त्यांनी धूळ बसलेली एक कॅसेट काढली. "आमच्या ह्यांनी ब्याऐंशी साली पुन्हा लागली तेव्हा टेप केली होती. चित्र पूर्ण आहे. आधी पूर्ण बघा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला."

कोपऱ्यातला चौकोनी टीव्ही लावला गेला. कॅसेट पुढे सरकवताना चित्रावर पांढऱ्या रेघा धावल्या, मग तीच किटली, तेच दार. या वेळी म्हातारीला डोकं होतं. आणि तिच्या पायांखाली, दारातल्या खालच्या फरशीवर, तिच्या गवती चपला होत्या.

पाहुणा निघाला की घरची बाई त्याच्या चपलांची टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवते, म्हणजे त्याला पाय सरकवून तसंच निघता येतं. तेइजींच्या आईने आयुष्यभर ते केलं, बायकोनेही केलं. इथे चपलांची टोकं घराकडे होती. नीट जोडीने, कुणीतरी वाकून, मुद्दाम फिरवून ठेवलेल्या. मागे सुनेच्या ओल्या हाताचे दोन ठसे लाकडी पायरीवर अजून वाळले नव्हते.

"अरे वा," इवासे संत्र्याची फोड तोंडात टाकत म्हणाले. "सुनेने चपला आत वळवल्या. जाऊ नका म्हणतेय."

तेइजींना पडदा नीट दिसेना. चष्मा पुसला, तरी दिसेना.

"हे तेव्हा होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं की. दुसऱ्या दिवशी बाजारात बायकांना दुसरा विषय नव्हता."

"मला दिसलं नाही."

"कसं दिसणार?" तोकुएबाईंनी कॅसेट बाहेर काढली. "तुमच्या त्या जुन्या टीव्हीची खालची चार बोटं काळी पडली होती. ट्यूब दमली की चित्र खालून आखडतं. आमच्या ह्यांनी तुम्हाला तीनदा सांगितलं, दुकानात आणून टाका, दोन दिवसांत देतो. तुम्ही म्हणायचात, बघू, वाचून झालं की आणतो."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" तेइजी उठून उभे राहिले. "पेपरात माझं नाव छापून आलं, गावभर वाचलं गेलं, आणि एकाही माणसाने..."

"मास्तर," बाईंचाही आवाज चढला, "ओरडू नका माझ्यावर. मास्तरांचं पेपरात छापून आलेलं चूक आहे, हे मास्तरांना जाऊन कोण सांगणार होतं? तुम्ही सांगू दिलं असतंत?"

तेइजी टोपी विसरून बाहेर पडले.

घरी येऊन त्यांनी शब्दकोश उघडला. पत्राला पिवळा रंग चढला होता, पण वरचा झुशीचा पत्ता वाचता येत होता. 'चपला दिसल्या का?' तेव्हाच त्यांना शंका आली होती. आपल्या पडद्याची खालची पट्टी काळी आहे हे रोज संध्याकाळी समोर दिसत होतं. तरी त्यांनी मनाची समजूत घातली, बाई सारवासारव करतेय. ब्याऐंशी साली मालिका पुन्हा लागली, तेव्हा त्या आठवड्यात ते मुद्दाम उशिरापर्यंत ग्रंथालयात बसले. आणि हे त्यांना आज नव्याने आठवलं नव्हतं, सगळी वर्षं ठाऊक होतं.

रागाच्या भरात त्यांनी लिहायला घेतलं. पहिलं पत्र तीन पानांचं झालं. त्यात वाहिनीवाल्यांनी चित्र कसं कापलं, नव्या पडद्यांनी जुन्या कामाची कशी कत्तल चालवली आहे, आणि प्रेक्षकाला अर्धवट दाखवून त्याच्याकडून पूर्ण मत मागणं हा कसा अन्याय आहे, हे सगळं होतं. वाचताना ते पटतही होतं. मग लक्षात आलं की तिसऱ्या पानापर्यंत 'मी' हा शब्द एकदाही आलेला नाही. त्यांनी ते फाडलं. दुसऱ्यात 'त्या काळच्या यंत्रांच्या मर्यादा' असं लिहून बसले, आणि स्वतःचीच इतकी चीड आली की शाईची बाटली लवंडली. साठ वर्षं पुस्तकं वाचून माणूस एवढंच शिकतो? एका ओळीच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर होतं. ते मिळालं नाही म्हणून एका बाईने भिंतीवरचं कात्रण खरं मानलं, आणि पुढे आयुष्यभर आपल्या माणसांना बोलायला लावलं. आणि ती माणसं बोलतात म्हणून तिला अकरा वेळा झोडपलं कुणी?

तिसरं पत्र त्यांनी उभ्यानेच लिहिलं.

'काजिहारा बाई, चपला दिसल्या नव्हत्या. माझ्या टीव्हीची खालची चार बोटं काळी होती, आणि ते मला तेव्हाच ठाऊक होतं. उत्तर न देण्याचं कारण लाज, दुसरं काही नाही. आज दिसल्या. ओल्या हाताचे ठसेही दिसले. सुनेला वाक्याची गरज नव्हती. तुम्ही त्यांचं ऐकायला नको होतं. ते माझ्यामुळे झालं. तुम्ही रागावलात, तर तो राग माझ्या नावाने, याच पत्त्यावर पाठवा.'

क्षमा मागणारं एक वाक्य त्यांनी शेवटी घातलं, मग खोडलं. छत्तीस वर्षांनी मागितलेली क्षमा त्यांना आणखी एक मागणी वाटली. तेही चूक असेल. त्यांना खात्री नव्हती.

टपालपेटी तोकुएबाईंच्या दुकानाशेजारीच होती. बाई दारात त्यांची टोपी हातात घेऊन उभ्या होत्या.

"पेपराला का, मास्तर?"

"नाही," तेइजी तुटकपणे म्हणाले. अजून त्यांना बाईंचा राग होता, इवासेंचा होता, चित्र कापणाऱ्यांचा तर होताच. त्यांनी पाकिटावरचा झुशीचा पत्ता अक्षर अक्षर तपासला, टोपी घेतली, आणि पत्र पेटीत टाकलं.