शंभूराजच्या पाठीवरचे तांदूळ

मी सॅक बोलतेय. एक डबा आणि दोन वह्या घेऊन कॉलेजात मिरवणारी सॅक नव्हे, मी ओझ्याची सॅक आहे. जाड कॅनव्हासची, दुहेरी शिलाईची, कमरेला रुंद पट्टा असलेली. आणि मी आज संतापलेली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच आवाज चढला तर कुणी दचकायला नको.

माझा जन्म बेंगळुरूचा, चिकपेटमधल्या एका बोळातला. तिथे दयानंद भावसार तंबू, ताडपत्र्या आणि पिशव्या शिवतात. त्यांच्या घराण्याला इथे येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. मराठी बोलतात, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं असतं की ऐकणाऱ्याला सांधा सापडत नाही. मला शिवून झाल्यावर त्यांनी माझ्यात लोखंडी वजनं भरली, मला खुंटीला टांगलं आणि स्वतः पट्ट्याला लोंबकळले.

"तीस किलोला कायबी होत नाही, सार," ते माझ्या मालकाला म्हणाले. "पण एवढं नेणार काय हो हिच्यातनं?"

"हरीण," मालक म्हणाला.

दयानंदांच्या तोंडातली सुई पडता पडता राहिली.

माझा मालक शंभूराज. आनेकलच्या जुन्या मराठा घरातला, आता इंदिरानगरात सातव्या मजल्यावर राहणारा, दिवसभर संगणकापुढे बसणारा. घाबरू नका, इथे तो कुणावर बंदूक रोखत नाही. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. त्याचा मित्र मुकुल न्यूझीलंडला असतो. तिथे हरणं बाहेरून आणून सोडलेली आहेत, ती जंगल खाऊन फस्त करतात, म्हणून त्यांची शिकार चालते. एप्रिलमध्ये मुकुलबरोबर डोंगरात जायचं, हरीण मिळालं तर त्याचं मांस पाठीवर घेऊन दोन दिवस चालत खाली यायचं, असा बेत ठरला होता. मला त्याचं काही वाटलं नाही. ओझं वाहायला जन्मले, ओझं वाहीन.

पण शंभूराजला एकाच गोष्टीचं वेड असतं तर! नोव्हेंबरच्या शेवटी त्याची समुद्रकाठी शर्यत होती. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, असं सगळं एका दमात. पळायला अंग हलकं लागतं, ओझं वाहायला मांड्या भरलेल्या लागतात. त्यामुळे हा माणूस सकाळी वजन उतरवायचा आणि संध्याकाळी वजन चढवायचा. एका जेवणात भात नको म्हणायचा, दुसऱ्यात दोनदा मागायचा. रोज काय करायचं ते फोन सांगायचा. फोन म्हणाला पोह, की हा पोहणार. फोन म्हणाला झोप, की घराला आग लागली तरी झोपणार.

त्याची बायको भूमिका पुण्याची. ती एकदा म्हणाली, "अरे, लोकांना एक मिडलाइफ क्रायसिस असतो. तू दोन घेऊन बसलायस, आणि दोन्हींचं शेड्यूल क्लॅश होतंय."

सायकल झोपायच्या खोलीत, मऊ कापड पांघरून. मी बाल्कनीत, फिनेलच्या बाटलीशेजारी. दसऱ्याला सायकलीला झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. मला फूल नाही, बोटभर कुंकू नाही. बरं, तेही गिळलं मी.

मला राग आहे तो जिन्याचा. आठवड्यातून तीनदा पहाटे मला भरायचं, पाठीवर घ्यायचं, सात मजले चढायचे, सात उतरायचे. असं दहा वेळा. आणि शेवटी कुठे पोचायचं? जिथून निघालो तिथेच! चिकपेटचे हमाल डोक्यावर साड्यांचे गठ्ठे घेऊन पळतात, पण त्या गठ्ठ्यांची वाट पाहणारं कुणीतरी दुकानात बसलेलं असतं. माझ्या ओझ्याची कोण वाट पाहत होतं?

सुरुवातीला माझ्यात वाळू असायची. वाळू सांडली, लिफ्टपाशी ढीग झाला, वॉचमन तक्रार घेऊन वर आला. भूमिकाने वाळूला घरात बंदी घातली. मग ऑक्टोबरातल्या एका पहाटे शंभूराज वजन शोधत स्वयंपाकघरात शिरला. ओट्याखाली, अगदी मागे, एक पांढरी कापडी गोणी होती, तोंडाला पिवळा दोरा बांधलेली. त्याने ती ओढली, काट्यावर ठेवली. साडेसतरा किलो. "परफेक्ट," म्हणाला आणि माझ्या पोटात कोंबली.

ते तांदूळ कुणाचे होते ते ऐका.

शंभूराजची आई, सोयराबाई, नवरा गेल्यापासून याच घरात राहते. त्यांचा कुलदेव खंडोबा. आनेकलच्या पुढे एका टेकडीवर त्याचं ठाणं आहे, आसपासचे लोक त्याला मैलार म्हणतात. सोयराबाई दर रविवारी अंघोळ करून एक पितळी माप तांदूळ निवडून त्या गोणीत टाकते. या घरात त्याला मीसलू म्हणतात, म्हणजे देवासाठी राखून ठेवलेलं. त्याला पाय लागू द्यायचा नाही, घरात खायचं नाही. चंपाषष्ठीला घरातल्या थोरल्या पुरुषाने ती गोणी अनवाणी पाठीवरून टेकडीवर न्यायची, आणि वर ते तांदूळ सगळ्यांच्या जेवणात शिजायचे. चाळीस वर्षं शंभूराजच्या वडिलांनी, संताजींनी, ती नेली. यंदा पहिल्यांदाच ते नव्हते.

शंभूराजला हे माहीत नव्हतं का? तांदूळ जातात एवढं माहीत होतं. ते कुठून येतात हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. स्वतःच्या हृदयाचे ठोके मिनिटामिनिटाला मोजतो, आणि ओट्याखाली आईने वर्षभर काय साठवलंय ते याला ठाऊक नाही!

सहा आठवडे मी ते तांदूळ वाहिले. व्यायाम झाला की हा मला फरशीवर धप्पकन टाकायचा, गोणी काढून जागेवर ठेवायचा. रविवारी आई माप टाकायची. सोमवारी काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवायचा. याने काट्याचे सेल बदलले, मग काटाच बदलला. त्याच्या अंगाचा घाम माझ्यातून झिरपून गोणीत जात होता आणि मला तो अडवता येत नव्हता.

चंपाषष्ठी बुधवारी होती, शर्यत त्याच आठवड्यातल्या रविवारी. सोमवारी सोयराबाईने तांदूळ पाखडायला गोणी उघडली. हात घातला, बाहेर काढला, नाकाशी नेला. गोणीच्या एका बाजूला मिठाचे पांढरे डाग होते. निम्म्या तांदळाची कणी झाली होती.

"शंभू, हे काय केलंस रे?"

त्याने सांगितलं. खोटं नाही बोलला, तेवढं त्याच्या बाजूने सांगते. "सॉरी आई, मला खरंच कळलं नाही. पण तांदूळच आहेत ना? आत्ता मागवतो, दहा मिनिटांत येतील."

"दहा मिनिटांत वर्षभराचे रविवार येतील का?"

त्याने फोन उघडून आठवड्याचं वेळापत्रक पाहिलं. मग म्हणाला, "आणि बुधवारी मला पायऱ्या चढता येणार नाहीत. रेसच्या आठवड्यात पायांना पूर्ण विश्रांती लिहिलीय. जीप करून देतो, वरपर्यंत रस्ता आहे."

सोयराबाईने सूप पुढे ओढलं. तिने तांदूळ पसरले, कणी वेगळी केली, पुन्हा एकत्र केली, आणि गोणीला दोरा बांधला.

संताप होईल नाहीतर काय! ज्या माणसाने हेच तांदूळ बाराशेच्या वर मजले चढवले, तो देवाच्या दोनशे पायऱ्या चढायला नाही म्हणतो! बुधवारी सकाळी तो पायांचा शीण घालवणाऱ्या हवेच्या पिशव्या बांधून पलंगावर पडला होता. त्या फुगत होत्या, पाय दाबत होत्या, सुस्कारा टाकून बसत होत्या.

भूमिकाने रजा टाकली, गोणी माझ्यात ठेवली आणि मला पाठीवर घेतलं. "आई, जीप नको. मी नेते. मला जमेल की नाही माहीत नाही, पण नेते."

बसने आनेकल, तिथून रिक्षा, आणि मग पायऱ्या. भूमिकाने कधी पाच किलोही पाठीवर घेतलेले नव्हते. दर वीस पायऱ्यांना ती टेकायची. सोयराबाई माझ्या तळाला हात लावून मागून आधार देत होती. पण पहिल्यांदाच मी कुठेतरी निघाले होते.

वर म्हातारे पुजारी देवव्रतअण्णा भंडाऱ्याची वाटी घेऊन उभे होते. जो तांदूळ आणेल त्याच्या कपाळाला भंडारा लावायचा, मगच तांदूळ आधणात पडायचे, अशी तिथली रीत.

"या अक्का. संताजीअण्णा गेल्यावर पहिलीच षष्ठी, नाही का? मुलगा कुठाय?"

सोयराबाईने माझ्यावरचा हात काढला नाही.

"खाली आहे. गाडी लावतोय."

"सरी, सरी, बरं. येऊ दे. स्वल्प थांबतो."

आणि ते थांबले. आधण उकळत होतं, पंगत बसायची होती. पुजारी पायऱ्यांकडे बघत होते, भूमिका खाली बघत होती. कितीतरी वेळ गेला. शेवटी सोयराबाई म्हणाली, "त्याला उशीर होईल, अण्णा. हिला लावा. हिने आणलेत."

पुजाऱ्यांनी एकवार सोयराबाईकडे पाहिलं आणि भूमिकाच्या कपाळाला भंडारा लावला. कणीचा भात मऊ झाला. सगळे जेवले.

संध्याकाळी शंभूराजने विचारलं, "गर्दी होती का?"

"होती," सोयराबाई म्हणाली. "सगळे तुझी चौकशी करत होते."

रविवारी त्याने शर्यत पुरी केली. गळ्यात पदक घालून आला, आईच्या पाया पडला. तिने औक्षण केलं. आता एप्रिल जवळ येतोय. मी पुन्हा बाल्कनीत आहे, माझ्यात धुतलेली वाळू आहे, प्लॅस्टिकात नीट बांधलेली, आणि आम्ही पुन्हा सात मजले चढतो, सात उतरतो.

शंभू, त्या परदेशी डोंगरात मी तुला दगा देणार नाही. दयानंदांनी घातलेला टाका तसला नाही. पण भूमिका तुला सांगणार नाही, आई तर मुळीच सांगणार नाही, म्हणून मी सांगते. सत्तर वर्षांची तुझी आई खंडोबाच्या दारात उभी राहून तुझ्यासाठी खोटं बोलली. त्या वेळी तिने माझा तळ मुठीत घट्ट आवळला होता. तिचा हात माझ्यावर होता, म्हणून मला कळलं.