आजोबांचं पान

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात नाव घातलं, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पास झालीस तर जगाला सांग. नापास झालीस तर आधी मला सांग, मी तुझी बाजू रचून ठेवते."

विषय होता कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. एखाद्या संस्थेच्या वेबसाइटवर जे दिसतं ते कोण लिहितं, कोण मंजूर करतं, जुनं झालं की कोण काढतं, याची व्यवस्था. मी विचारलं, "यात शिकायचं काय?" जाऊबाई म्हणाल्या, "अगं, मीठ संपलंय हे घरात सगळ्यांना माहीत असतं, पण आणत कोणीच नाही. तसंच ऑफिसांचंही असतं."

प्रकल्पासाठी त्यांना मत्स्यालय मिळालं. तिथे दिवसाही संधिप्रकाश असे. काचेच्या भिंतींतून पाझरणारा निळा उजेड फरशीवर हलत राहायचा आणि येणारी माणसं आपोआप हळू बोलायची. जाऊबाई एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत फिरत, ज्याला त्याला विचारत, "तुमचं पान कोण लिहितं?" संध्याकाळी घरी आल्या तरी त्यांची चाल संथच असायची, जणू अंगावरून अजून पाणी वाहतंय.

तिथे एक मोठं कासव होतं. सगळे त्याला आजोबा म्हणत. वेबसाइटवर या आजोबांची तीन पानं निघाली. तिकीट विभागाच्या पानावर आजोबा शंभर वर्षांचे, सहल विभागाच्या पानावर साठ वर्षांचे. आणि प्राण्यांच्या दवाखान्याच्या पानावर, जिथे फारसं कोणी फिरकत नसे, लिहिलं होतं: मादी, वय अंदाजे चाळीस.

जाऊबाई दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई हसल्या. "मादीच आहे. शेपटी बघा ना, किती आखूड."

"मग बाकीची पानं?"

"दोनदा दुरुस्ती पाठवली. साहेबांच्या मंजुरीला गेली आणि तिथेच बुडाली. मग मीही नाद सोडला."

जाऊबाईंना वाटलं, सोपं काम आहे. तीन पानांचं एक करायचं. तेच सगळीकडे दिसेल. पण आधी कासवाची देखभाल करणाऱ्या काकांना सांगायला हवं. काका सकाळी दारं उघडायच्या आत टाकीच्या कठड्यावर रेलून आजोबांशी बोलत बसत. गुडघ्यांचं दुखणं, सुनेचा अबोला, रात्रीची न येणारी झोप. दोन म्हातारे पुरुष बोलतात तसं.

"काका, डॉक्टरीणबाई म्हणतात, ती मादी आहे."

काकांनी बादली खाली ठेवली. "इतकी वर्षं माझ्या हातून खातोय तो. मला ठाऊक नाही?"

त्यानंतर त्यांनी जाऊबाईंशी बोलणंच टाकलं. समोरून आल्या की काच पुसायला लागायचे, स्वच्छ काचही.

"डॉक्टरांनी सांगितलंय, तर बदलून टाका ना," मी म्हटलं.

"टाकीन. पण ते पान काकांना परक्यासारखं वाचायला लावायचं नाहीये मला," त्या म्हणाल्या आणि पान तसंच ठेवून दिलं.

एका सकाळी त्या वेणी घालत असतानाच फोन वाजला. पलीकडे काका.

"बाई, या लवकर. आजोबांनी अंडी घातलीत."

टाकीच्या कडेला वाळूचा उंचवटा होता. त्यावर अंडी पडली होती, पांढरी, गोल, निळ्या उजेडात चंद्रासारखी मंद. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इथे नर नाही, यांतून पिल्लं निघणार नाहीत. कासव कधीच पाण्यात परतलं होतं आणि तळाशी सावलीसारखं सरकत होतं. काका कठड्याला टेकून बसले होते.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पुरुष समजून मी हिला काय काय सांगितलं हो!"

जाऊबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण नाही जमलं. मग काकाही हसले, डोळे पुसेपर्यंत.

त्याच दिवशी दोघांनी मिळून पान लिहिलं. काका सांगत, जाऊबाई टाइप करत. नावाशी येऊन दोघं अडखळले.

"नाव बदलायचं?"

"छे. त्याच हाकेला येते ती. आजोबाच लिहा."

म्हणून पहिलं वाक्य झालं: 'आजोबा ही मादी आहे.'

पान मंजुरीला गेलं आणि अडकलं. तेव्हा जाऊबाई पदर खोचून थेट वरच्या मजल्यावर साहेबांकडे गेल्या. साहेब गोंधळले. "माझ्याकडे तर मंजुरीला काहीच येत नाही." दोघांनी सिस्टीम उघडून पाहिली. सूचना जात होत्या आधीच्या साहेबांच्या पत्त्यावर. ते कधीच निवृत्त झाले होते.

साहेबांनी तुंबलेली यादी उघडली आणि शेवटापर्यंत सरकवत नेली. "मला वाटायचं, आपल्याकडे कोणी काही लिहीतच नाही."

दुपारभर ते वाचत बसले. समोरचा चहा निवला. बैठकीचं बोलावणं आलं, त्यांनी हातानेच नको म्हटलं. मधूनच एखादं वाक्य मोठ्याने वाचत आणि जाऊबाईंकडे बघत, 'ऐकलंत?' अशा नजरेने. एकेक पान मंजूर होत गेलं.

पुढे जाऊबाई चांगल्या गुणांनी पास झाल्या आणि मत्स्यालयाने त्यांना तिथेच कामाला ठेवलं. पण मला आठवते ती पानं मंजूर झाली त्या दिवसाची संध्याकाळ. ताटं वाढून झाली होती आणि आम्ही सगळे जाऊबाईंच्या फोनभोवती डोकी जुळवून बसलो होतो. एकामागून एक पानं वर येत होती. रात्रपाळीच्या माणसाने लिहिलं होतं की दिवे मालवले की जेलीफिश आपल्याच उजेडात फिरतात. पंप बघणाऱ्याने लिहिलं होतं की समुद्रघोड्यांची एक जोडी रोज सकाळी एकमेकांना भेटते, शेपटीत शेपटी गुंफून थोडं नाचते आणि मग दोघं आपापल्या वाटेने जातात.

"पुन्हा वाच," सासूबाई म्हणाल्या.

जाऊबाईंनी पुन्हा वाचलं. कोणी ताटाला हात लावला नाही.