सलाइनवरची रोपं

ग्रीनहाऊसच्या मधोमध आईने दोरी बांधून वाटणी केली. अलीकडे दादाची माती, पलीकडे धाकटीचे पाण्याचे पाइप. या हंगामात ज्याचे टोमॅटो चांगले, त्याचं पुढे सगळं ग्रीनहाऊस. दादाच्या मते निकाल लागल्यातच जमा होता.

धाकटीचा कारभार बघून त्याला हसू आवरत नसे. मातीचा कण नाही, पाइपच्या भोकांत रोपं उभी, मुळांखालून खताचं पाणी फिरतंय, आणि ही बाई त्यात मीटर बुडवून तोंड गंभीर करणार! शेती कसली, दवाखानाच तो.

"काय डॉक्टर, सलाइनवरचे पेशंट जगतायत का?" तो दोरीवरून ओरडायचा.

"जगतायत की. तुझे कसे आहेत?"

"आपले धट्टेकट्टे! मातीत वाढलेत."

धट्ट्याकट्ट्यांनी महिन्याभरात माना टाकल्या. वर्षानुवर्षं त्याच वाफ्यात टोमॅटो लावून मातीत मर रोग मुरला होता. दादाला ते कळत होतं, पण मातीला नावं ठेवायला जीभ रेटेना. मग स्वारीने काय करावं? धाकटी जेवायला गेली की तिच्या टाकीमागच्या ट्रेमधली जादा रोपं उचलायची, मेलेल्यांच्या जागी लावायची आणि मिशीवरून हात फिरवायचा. तीही मरायची. तो आणखी आणायचा. ट्रे मात्र कायम भरलेला. हिला साधी मोजदादही जमत नाही, म्हणून तो मनातल्या मनात तिची कीवही करायचा.

आई बघायला येणार त्याच्या आदल्या दुपारी तो ट्रेशी वाकला, तर मागे धाकटी उभी.

"दादा, ती नको नेऊस. तुझ्या मातीत मरतात, मी रोज नवी ठेवून दमले." तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "त्या कुंड्यांत नारळाचा भुसा भरून मोठी रोपं लावलीत. कुंडीसकट पूर. वरून कळणार नाही. आईसमोर तुझी लाज राहील."

ती ओरडली असती, तर त्याने दुप्पट आवाजात ऐकवलं असतं. ती तर हसलीसुद्धा नाही. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या मातीत आपणच तिची कुंडी लपवायची, यापेक्षा हरलेलं बरं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

मग त्याने कुदळ उचलली.

"खोल किती पुरू?" त्याने मान खाली घालून विचारलं.