रिकाम्या थिएटरातली हाक

बुडापेस्टहून नवऱ्याचं, रंगनाथचं पत्र आलं की ते कुसुमनं मोठ्यानं वाचायचं, असा झरीच्या त्या घरातला शिरस्ताच पडला होता. सासूबाई सरजाबाई शेंगा फोडायचं थांबवून जवळ सरकायच्या, सासरे तात्याराव खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचे. रंगनाथ परभणीच्या कृषी विद्यापीठातला, बियाण्यांचं शिकायला दोन वर्षांसाठी गेलेला. वैशाखात परतणार होता. कुसुमनं त्या वैशाखावर जीव टांगून ठेवला होता. परभणीचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते, पोरगी तीन वर्षांची व्हायच्या आत मुंबईला दाखवा, नाहीतर पाय कायमचा गेला.

गेल्या श्रावणात लेकीला, फुलाला ताप आला, उतरला, आणि डावा पाय लुळा पडला. रंगनाथला कुणी कळवलं नाही. शिकायला गेलेल्याच्या कानावर वाईट घालू नये, हा तात्यारावांचा हुकूम. सुनेनं एकटीनं पोर घेऊन मुंबई गाठावी, हेही त्यांना मंजूर नव्हतं. मग कुसुम दर पत्रात लिहीत गेली, फुला उभी राहते, फुला पावलं टाकते. पत्र टाकण्याआधी तात्याराव चष्मा लावून ते वाचत.

या खेपेचं पत्र ऑपेरा हाउसचं होतं. तिथल्या विद्यापीठानं परदेशी विद्यार्थ्यांना ते दाखवायला नेलं होतं. लाल मखमलीच्या खुर्च्या, छताला सोन्याचा मुलामा. तिथं चालतं तरी काय, सरजाबाईंनी विचारलं. सगळं गाण्यातच बोलतात, कुसुम म्हणाली.

"भांडनबी?"

"भांडणसुद्धा."

"मंग आपल्या गल्लीतल्या बायांचं जमायचं न्हाई. घसा बसल."

तात्यारावही मिटल्या डोळ्यांनी हसले. कुसुम पुढं वाचू लागली. थिएटर रिकामं होतं. माहिती देणाऱ्या बाईनं एकेकाला रंगमंचावर उभं करून आपापल्या भाषेत बोलायला लावलं. हळू बोललं तरी पार वरच्या मजल्यावर ऐकू जातं म्हणे. 'मला काही सुचेना. म्हणालो, फुला, चालत ये बरं माझ्याकडं. वरून पोरांनी टाळ्या वाजवल्या.'

आपलं नाव ऐकून फुला उंबऱ्याकडून हातांवर सरपटत निघाली. पाय मागं फरफटत होता. तिघांनीही तिकडं पाहिलं नाही.

पुढची ओळ कुसुमनं आधी मनात वाचली. मग मोठ्यानं. 'घरी सगळं सुखरूप आहे, म्हणून आणखी दोन वर्षांचं काम पत्करलं. सही करून दिली.'

"दोन वरीस," सरजाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

"मामा, आता तरी कळवू द्या," कुसुम सासऱ्यांना म्हणाली.

"सही झाली त्याची. आता कळवून काय, तिकडं रडत बसंल? हातचं बी जाईल."

कुसुम उठली. परदेशी टपालाचं निळं विमानपत्र घेतलं आणि पहिल्यांदाच खरं लिहिलं. ताप, तारीख, पाय, डॉक्टरांचे शब्द, आणि शेवटी, मी खोटं लिहीत आले. तात्यारावांनी चष्मा लावला, सावकाश वाचलं. रागावले नाहीत. पत्राची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि दुसरं कोरं विमानपत्र तिच्यापुढं ठेवलं. पोस्टातून ते दोन घेऊन आले होते.

"लिव माय."

फुला तिच्या मांडीवर चढू पाहत होती. कुसुमनं एका हातानं तिला वर ओढून घेतलं, दुसऱ्या हातानं पेन उघडलं. काय लिहायचं ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.