पेटीत किती उणे?

आमच्या कारखान्यात काचेचे पेले तयार होतात. त्यातील भरणी विभाग नामक लांबट दालनात मी ऐन तारुण्यापासून पेले पेटीत भरण्याचे व भरलेल्या पेट्या उचलून फळीवर चढविण्याचे काम करीत आलो. गतवर्षी माझ्या पाठीने असहकार पुकारला. डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरले आणि म्हणाले, "मणका सरकलाय. वजन उचलणं आता कायमचं बंद." मी विचारले, "हलकं वजन?" ते म्हणाले, "पिशवीसुद्धा बायकोला द्या."

भरणी विभागात वजन न उचलता करावयाचे काम एकच, ते म्हणजे तपासनिसाचे. परंतु त्या खुर्चीवर बसण्याकरिता एक प्रमाणित चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. तिला दोनच वेळा बसता येते. एकदा मी बसून नापास झालो होतो. तोवर मी पेले भरीत असे व पेट्या इतर उचलीत, परंतु दुसऱ्यांदाही तसेच घडले तर मला काम सोडून घरी बसणे क्रमप्राप्त होते.

सदर चाचणीत भागाकार करून उरलेली संख्या काढण्याचे प्रश्न भरपूर असतात. माझी मेहुणी त्या सुमारास बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करण्यासाठी आमच्याकडेच राहावयास होती. तिने मला शिकविण्याचे पत्करले. माझी पाळी दुपारी सुटे. तदनंतर आम्ही स्वयंपाकघरातील टेबलाशी बसत असू. पहिल्याच दिवशी तिने मला वीस गणिते घातली व तपासून कपाळास हात लावला.

"भाऊजी, रागावू नका. तुम्हाला भागाकार येतो ना?"

"येतो म्हणजे काय! पाढे विचार. तिसापर्यंत."

"त्यांना सगळं येतं गं," माझी पत्नी भांडी घासता घासता म्हणाली. "फक्त उत्तर येत नाही."

वीस गणितांपैकी माझी दोनच बरोबर आली होती. एकात पूर्ण भाग जात होता. दुसऱ्यात चोपन्नला बाराने भागावयाचे होते व उत्तर सहा होते. मेहुणी त्या दोन उत्तरांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पंच्याहत्तरला आठने भागा. मोठ्याने बोलत."

"आठ नवे बहात्तर. नऊ पेट्या गच्च झाल्या. दहाव्या पेटीत तीन. म्हणजे पाच उणे. उत्तर पाच."

"आणि ते तीन?"

"ते पेटीत आहेत की. पाच मागवायचे."

"तुम्हाला मागवायला कोणी सांगितलंय? किती उरले एवढंच विचारलंय!"

ती जी हसत सुटली ती आवरेना. पत्नीने हात पुसून येऊन विचारले, तेव्हा तिने सांगितले, "ताई, यांचं एकही गणित चुकलेलं नाही. सगळी उलट्या बाजूने बरोबर आहेत. चोपन्नात सहा उरतात आणि सहाच कमी पडतात, म्हणून ते तेवढं जुळलं."

येथे वाचकांस आमची कार्यपद्धती विदित करणे अगत्याचे आहे. भरणीच्या टेबलावर सुटा पेला ठेवण्यास सक्त मनाई असते, कारण तो गडगडतो व फुटतो. हाती आलेला पेला तत्क्षणी पेटीत जातो. म्हणून किती उरले हे आम्ही कधी मोजतच नाही. पेटी भरण्यास किती कमी पडतात तेवढे ओरडून सांगतो, "चार उणे!" आणि पेले आणून देणारा लंबू नेमके चार पेले घेऊन येतो. त्या दालनात लहानाचा मोठा झालेला प्रत्येक मनुष्य असाच मोजतो.

मेहुणीने फर्मान काढले की ही सवय मोडावयाची, तीही कामाच्या जागीच. आज्ञाधारक विद्यार्थ्याप्रमाणे मी दुसऱ्या दिवशी तसे केले. माझी पेटी बाराची होती, आत आठ पेले होते. मी मोठ्याने म्हणालो, "आठ!" लंबूने आठ आणले. चार मावले, चार माझ्या हातात राहिले आणि त्यांतील एक निसटून फरशीवर फुटला.

शेजारच्या टेबलावर जिला आम्ही सर्वजण मावशी म्हणतो ती ज्येष्ठ बाई काम करते. ती म्हणाली, "अहो मास्तर, हे जास्तीचे कुठे घालणार? डोक्यावर?"

"मी अभ्यास करतोय, मावशी."

"करा की. पण काचेवर नको. पाय कापला तर चाचणीला लंगडत जाल."

घरी येऊन मी मेहुणीस ही हकिकत निवेदन केली. मला वाटले, ती चिडेल. ती पेन्सिल चावीत म्हणाली, "मग जाऊ दे. सवय ठेवा. तुमच्या पद्धतीनेच करा आणि शेवटी उणे आलेला आकडा भाजकातून वजा करा. आठाची पेटी, पाच उणे, आठातून पाच गेले तीन. उत्तर तीन."

"एवढंच?"

"एवढंच. पण प्रत्येक वेळी. विसरलात तर ताई पिशव्या उचलणार जन्मभर."

"आत्ता कोण उचलतंय?" पत्नी म्हणाली.

त्यानंतर चाचणीच्या दिवसापर्यंत मी जेवताना, दाढी करताना, रस्त्याने चालताना वजाबाकी करीत राहिलो.

परीक्षागृहात टेबले एकमेकांपासून दूर मांडलेली होती. माझ्या आसपास बसलेली मंडळी माझ्या निम्म्या वयाची होती. प्रारंभीची बहुतेक गणिते मी उणे काढून, वजा करून, सावकाश सोडविली. मग एक प्रश्न आला, जो गेल्या खेपेस मी कोरा सोडला होता. अशी लहानात लहान संख्या काढा की जिला चाराने भागल्यास तीन, पाचाने भागल्यास चार व सहाने भागल्यास पाच उरतात. शेजारचा तरुण भराभर कागद भरू लागला. मला मात्र तीन टेबले दिसली. एकावर चारची पेटी, एकावर पाचची, एकावर सहाची, आणि तिन्हींवरून एकच आरोळी, एक उणे! आणखी एक पेला आला की तिन्ही पेट्या एकदम गच्च. तिन्ही गच्च होतील असा लहानात लहान आकडा साठ. त्यातून तो एक पेला काढला, एकोणसाठ. त्याच धर्तीचे आणखी दोन प्रश्न होते. तेही सुटले.

घरी आल्यावर मेहुणीने दारातच प्रश्नपत्रिका हातातून घेऊन उलटतपासणी सुरू केली. एकोणसाठ ऐकून तिने टाळी दिली. "आणि पहिला? शंभराला सातने?"

"सात चोक अठ्ठावीस, सात दाहे सत्तर, अठ्ठ्याण्णव. दोन उरले."

"शाब्बास!"

"मग सातातून दोन वजा केले. पाच लिहिले."

ती मटकन खाली बसली. "अहो, दोन उरले ना! मग वजा कशाला केलेत?"

"तूच म्हणालीस, प्रत्येक वेळी."

निकाल लागेपर्यंत घरात कोणी आकडा उच्चारला नाही. यादी सूचनाफलकावर लागली तेव्हा मावशीने मला पुढे ढकलले. मी उत्तीर्ण झालो होतो, जेमतेम, परंतु झालो होतो. ते तीन प्रश्न नसते तर ते शक्य नव्हते, हे मी नम्रपणे जाणून आहे. सायंकाळी पत्नीने निकाल ऐकला व बाजाराची पिशवी स्वतःच उचलून निघाली. "सवय राहिली पाहिजे," एवढेच म्हणाली.

तपासनिसाच्या खुर्चीवरील पहिल्या दिवशी मावशीची पेटी माझ्यासमोर सरकत आली. मी सवयीने वाकलो आणि दोन्ही हात पेटीखाली घातले.

"साहेब!" मावशी ओरडली. "ठेवा ते खाली! तुमचं काम बघायचं. बघा आणि बोला."

मी हात काढून घेतले, खुर्चीत टेकून बसलो आणि पेटीत पाहिले.

"दोन उणे," मी म्हणालो.

लंबू दोन पेले घेऊन आला.