लखलखीत उरुळी

मकरंद गेल्यावर त्याच्या कासवाचं, गुंडोपंतांचं, काय करायचं, हा प्रश्न मी फारच हुशारीने सोडवला. बाल्कनीतली काचेची टाकी धुणं, पंप साफ करणं हे उद्योग त्याचे, माझ्या नवऱ्याचे. मला ते झेपणारे नव्हते. आमच्या वाईकडे देवळात देवापुढे कासव असतंच. म्हणून मी गुंडोपंतांना उरुळीत, म्हणजे इथल्या तमिळ घरांतल्या पसरट पितळी भांड्यात, घालून देवघरापुढे ठेवलं. रोज उरुळी चिंचेने लख्ख घासायची आणि ताजं पाणी भरायचं. वेलचेरीच्या या फ्लॅटमध्ये मी मनापासून करत होते ते एवढंच. बाकी जेवत होते, झोपत होते. रडू येत नव्हतं. मुलगी, सहाना, माझ्याकडे चोरून बघत राहायची. मला त्याचाही राग यायचा.

मग एकदा पाण्यात रक्त दिसलं. कासवाच्या पुढच्या पायाचं कातडं सोललं होतं. मी कावळ्याला शिव्या घातल्या, खिडकीला जाळी बसवून घेतली. जाळी लागली त्याच दुपारी गुंडोपंत स्वतःचाच पाय चावताना दिसले. मी नुसती बघत उभी राहिले. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. भीती तेवढी वाटली. कासव गेलं तर मकरंदचं हलतंफिरतं असं घरात काहीच उरणार नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टर जननी यांनी जखम धुतली, मलम दिलं आणि ठेवता कशात ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, चकचकीत पितळेत त्याला चहूकडे दुसरं कासव दिसतं, पळायला जागा नाही, मग त्रासून ते स्वतःलाच चावतं. इतकं घासू नका, असंही त्या हसून म्हणाल्या. मला त्यांचं तमिळ कळलं नसतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर सहाना बाल्कनीत टाकी भरायला लागली. मी गुंडोपंतांना टॉवेलवर घेतलं आणि मलमाचं बोट पायाजवळ नेलं. त्यांनी ते कचकन धरलं. सोडायलाच तयार नाहीत. मी अशी किंचाळले की सहाना ओल्या हातांनी धावत आली. तिने माझा हात कासवासकट बादलीत बुडवला, तेव्हा कुठे पकड सुटली.

"आई, खूप दुखतंय का?"

"हो," मी म्हणाले. "सहाना, बाबा गेले गं."