अखजीच्या आधी ताबा

घर विकलं गेल्याचं किसनरावांना कळलं ते बोरी अरबच्या बाजारात, वांगी निवडता निवडता. पुण्याहून मुलाचा, पियुषचा फोन आला.

"बाबा, घर इकलं."

"कोनतं? बोरीचं?" किसनराव खूश होऊन म्हणाले.

"बोरीचं कोन घेते बाबा! यवतमाळचं. काल बंटी दलालानं मोबाइलवर फोटो टाकले, आज इसार झाला."

किसनरावांच्या हातात एक वांगं होतं. ते त्यांनी ढिगात ठेवलं, पुन्हा उचललं आणि तसंच हातात धरून चालू लागले. भाजीवाली सुखीबाई मागून ओरडली, "ओ भाऊ, फुकट वाटून राह्यली का मी वांगे?" तेव्हा कुठे त्यांचे पाय थांबले. वांगं परत देतानाही त्यांना काही सुचत नव्हतं. एका दिवसात घर कसं जातं? बैल विकायचा तर माणूस चार वेळा दात पाहून जातो.

किसनरावांच्या बायकोला, विमलताईंना, जाऊन तीन महिने होत आले होते. त्या गेल्या त्या यवतमाळच्या घरातच. सकाळी चहा ठेवला, ओट्याला धरून खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. तेरवी झाली. त्या घरात एकट्याला करमेना, म्हणून किसनराव बोरीच्या जुन्या घरात येऊन राहिले. पुण्याला परतताना पियुषनं विचारलं, "बाबा, घर इकाले काढू का?" घर त्याच्याच नावावर होतं, कर्जही त्याच्याच पगारावर उचललेलं. किसनराव "काढ" म्हणाले. पाणी दे म्हणावं तितक्या सहज म्हणाले.

घर विकणं म्हणजे काय, ते त्यांनी बोरीत पाहिलं होतं. यवतमाळला राहायला गेले तेव्हा त्यांनी या जुन्या घरावर 'घर विकणे आहे' अशी पाटी ठोकली. उन्हानं तिची अक्षरं गेली, शेजारच्यांनी तिच्या खिळ्याला बकरी बांधायला सुरुवात केली, पण गिऱ्हाईक काही आलं नाही. दलाल बंटी तेव्हाच म्हणाला होता, "काका, कळंबचं घर सहा महिन्यात जाते, दारव्ह्याचं सालभरात. फुलसावंगीले माणूस भेटला तं भेटला. तुमच्या बोरीच्या घराची मी फकस्त पाटी रंगवून देऊ शकतो, दर दिवाळीले." यवतमाळचं किती दिवसांत जातं, हे ना त्यानं सांगितलं, ना यांनी विचारलं.

आणखी एक गोष्ट किसनराव गृहीत धरून बसले होते. बोरीत ज्या घरातून माणूस गेलं, त्या घराचा भाव पहिल्या अखजीच्या आधी कोणी विचारत नाही. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरायची, पान वाढायचं. मग ते माणूस पितरांत जातं. तोवर घर त्याचंच. हे कोणी कोणाला शिकवत नाही, पण सगळे पाळतात. किसनरावांना वाटलं, सगळीकडे असंच असणार. अखजीला विमलची घागर तिच्याच ओट्यावर भरू, मग घराचं काय व्हायचं ते होवो.

तो ओटा तिच्या मापाचा होता. विमलताई ठेंगण्या. बोरीच्या घरात त्यांचा जन्म चुलीच्या धुरात गेला. यवतमाळला घर बांधताना त्यांनी बोरीच्याच मारोती मिस्त्रीला समोर उभं केलं आणि कंबरेला हात लावून सांगितलं, "मारोतीभाऊ, इथपर्यंत. तुमच्या दोस्ताले वाकावं लागलं तं लागू द्या, ते कुठं सयपाक करते!"

संध्याकाळी किसनरावांनी स्वतः फोन लावला.

"पियुष, घेनाऱ्याईले म्हन, ताबा अखजीनंतर घ्या."

"बाबा, त्याईले अखजीलेच वास्तू करायची हाय. मुहूर्त साधाले तं एवढ्या घाईनं घेतलं त्याईनं."

किसनराव खाटेवर बसले. एकच दिवस. इकडे घागर, तिकडे तोरण.

"आई गेल्याचं सांगतलं का तू त्याईले?"

"त्याईनं इचारलंच नाही. यवतमाळले लोक पार्किंग इचारते, बोअरले पानी किती ते इचारते." मग पियुष म्हणाला, "तुम्हीच म्हनले ना बाबा, काढ म्हनून."



खरेदी झाली. पियुष एका दिवसासाठी आला, सही करून गेला. दुसरी किल्ली किसनरावांकडे राहिली होती. अखजीच्या आदल्या दिवशी त्यांनी कुंभाराकडून कोरी घागर घेतली, पिशवीत घातली आणि यवतमाळची बस धरली. त्यांचं एवढंच मागणं होतं. उद्या पहाटे, तुमची पूजा सुरू व्हायच्या आधी, मला स्वयंपाकघरात थोडा वेळ उभं राहू द्या. घागर भरतो, पान ठेवतो, निघून जातो.

दार उघडंच होतं. चौकटीला झेंडूचं तोरण लागलेलं. नवी मालकीण अंजू राठोड, फुलसावंगीकडच्या तांड्यावरची, शाळेत मास्तरीण, पदर खोचून बाहेर आली.

"या ना काका! किल्ली द्याले एवढ्या उन्हात कायले आले? बसा, पानी आनते."

आतून हातोड्याचे ठोके येत होते. किसनराव बसले नाहीत. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. ओट्याची फरशी उखडून भिंतीला टेकवली होती. निम्मा ओटा खाली पडला होता, उरलेल्यावर मजूर छिन्नी धरून होता.

"लय खाली होता हो काका," अंजू मागून म्हणाली. "दोन पोया लाटल्या की कंबर धरते. एवढा बुटका कोनासाठी केलता?"

"होती एक बुटकी."

ती हसली. "काकू ना? त्याईले काहून नाही आनलं? उद्या घेऊनच या त्याईले. त्याईच्या हातचं घर हाय, त्याईच्या हातानंच दिवा लावू."

पिशवीतली घागर किसनरावांच्या गुडघ्याला लागत होती. आता सांगायचं, एवढंच बाकी होतं. तोरण लागलं होतं, पाहुणे निघाले असतील, लेकरांचे नवे कपडे खाटेवर काढून ठेवलेले दिसत होते. त्यांनी तोंड उघडलं.

"तिले नाही जमत," ते म्हणाले. "तिले आता प्रवास होत नाही."

किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

अखजीला सकाळी मारोती बोरीच्या घरी आला. घागर कोरडीच कोपऱ्यात होती.

"भर ना बे इथंच. पानी तं तेच हाय."

"तिले हे घर कधी आवडलं नाही मारोती. इथून गेली तवा मांगं वळून पाह्यलं नाही तिनं. इथं येते का ते पानी प्याले?"

"मंग कुठं येईन?"

"ओट्यापाशी येईन."

मारोतीनं मान खाली घातली. तो ओटा त्यानंच बांधला होता. तो म्हणाला, "जेवला का तू काही?" किसनरावांनी नाही म्हणून मान हलवली.

दुपारी गावात घरोघर पानं वाढली गेली. बाहेर बकरी पाटीच्या खिळ्याला ओढ देत होती. अखजी मावळली. विमलची घागर भरायची राहिली आहे.